गॅलरीखाली उभी राहिलेली आत्या

आत्याला कुणाला जाब विचारायचा असला की ती आधी त्याला जेवायला बोलवायची. साधंसुधं जेवण नव्हे. तांदळाच्या भाकऱ्या, बोंबलाचं कालवण, सुकटीची चटणी, आणि पाहुणा शाकाहारी निघाला तर वालाचं बिरडं. आमच्या भागातल्या ठेकेदारांना हे पुढे पुढे कळलं होतं. आत्याचं बोलावणं आलं की ते सबबी शोधायचे, पण जेवणाला नाही कसं म्हणायचं? ते यायचे.

रेवा, ईशान, तुमच्याकडे स्वयंपाकघराची कपाटं त्या माणसाने वाकडी बसवली आणि मग फोन उचलणंच बंद केलं, तेव्हा तुमच्या बाबांनी त्याला इंटरनेटवर एकच तारा दिला. ईशानने मला विचारलं होतं, "आजी, तुमच्याकडे असं झालं तर लोक काय करतात?" मी तेव्हा हसून विषय बदलला, कारण उत्तर फोनवर सांगण्याएवढं लहान नव्हतं. गेल्या महिन्यात आत्या गेली. आता ते उत्तर लिहून ठेवायला हवं.

ती माझी आत्या नव्हे, तिचं घर आमच्या इमारतीच्या फाटकासमोर. तिला सगळं गावच आत्या म्हणायचं, कारण तिचं सासर आणि माहेर एकाच गावात होतं. वरच्या आळीत सासर, खालच्या आळीत माहेर. आईवडील लहानपणीच गेले. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, तिला वाढवलं आणि डोळ्यांसमोर राहावी म्हणून गावातच दिली. नवरा गेल्यावर तर ती रोज एकदा तरी माहेरी जायची. मी एकदा म्हटलं, "आत्या, माहेरची एवढी ओढ?" तर म्हणाली, "माहेराला जातंय कुटं मी बाय? मधी रस्ता हाय एवडंच."

मला ती बाय म्हणायची. मी वयाने तिच्याएवढीच, शिकलेली, वह्यांना कव्हरं घालणारी, आणि ती अंगठा सोडून सही करायला उतारवयात शिकलेली. तरी आमचं जमलं. तिला माझा चहा पांचट वाटायचा आणि मला तिचं बोलणं फार मोठ्याने वाटायचं. आम्ही दोघींनी हे एकमेकींना सांगितलेलं होतं, त्यामुळे पुढे काही अडचण आली नाही.

भातशेतीवर गोदामं उभी राहिली तशी आमच्या भागात घरांची कामं सुरू झाली. कुणी जुन्या घरावर मजला चढवला, कुणी नवी मोरी केली, कुणी अंगणात फरशी घातली. कामं फार, आणि कामाची माणसं थोडी. म्हणून काल मुकादम असलेला आज ठेकेदार झाला. फरशा पोकळ वाजायच्या, गच्चीचा उतार उलटा असायचा, खिडक्या मिटायच्या नाहीत. तक्रार केली की प्रत्येकाचं उत्तर तयार: माल कंपनीचा, पाऊस देवाचा, भिंत तुमच्या आजोबांची. आपलं स्वतःचं असं त्यात काहीच नसायचं.

आत्याचा नियम एकच होता. "ज्यानं बांदलं, त्यानं आदी वापरायचं." आमची न्हाणी नवी केली तेव्हा मला तो कळला. काम होऊन थोडे दिवस झाले आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या स्वयंपाकघरात पाणी ठिबकायला लागलं. ठेकेदार येऊन बघून गेला. "मॅडम, बिल्डिंगचा पाइप जुना आहे. माझं काम एक नंबर." तुमच्या आजोबांनी त्याला रीतसर पत्र लिहिलं. मी त्याची प्रत काढून ठेवली. पाणी ठिबकतच राहिलं.

आत्याने ऐकलं आणि त्या ठेकेदाराला बायकोसकट रविवारी जेवायला सांगितलं, आपल्या घरी नाही, खालच्या बाईंच्या स्वयंपाकघरात. पाट कुठे मांडायचा ते तिने स्वतः ठरवलं. मला म्हणाली, "बाय, तू वर जा, आणि चांगली चार बादल्या आंगोल कर." मी म्हटलं, "मी सकाळीच केली." "मग आज दुसऱ्यांदा कर. घान न्हाय होत मानूस."

मी वर पाणी ओतत होते, त्यामुळे पुढचं मला खालच्या बाईंनी सांगितलं. ठेकेदाराने पहिला घास घेतला आणि त्याच्या भातात वरून थेंब पडला. त्याने ताट सरकवलं. आत्याने ते पुन्हा जागेवर सरकवलं. "जेव की रं. तुजंच पानी हाय, काय भ्यायचं?" दुसरा थेंब त्याच्या मानेवर पडला. त्याची बायको आधी वर बघू लागली, मग नवऱ्याकडे. ती एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही तर म्हणाला होता..." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे कारागीर आमच्या दारात होते आणि न्हाणीची फरशी उखडली जात होती.

"तू त्याच्यावर ओरडली का नाहीस?" मी विचारलं होतं.

"ओरडल्यावर तो पन ओरडतो. बायकोपुडं खोटा पडला का मग न्हाय ओरडत."

असे तिचे किती प्रसंग सांगू? एकाने लूमच्या कारखान्याशेजारच्या घराला मिटत नसलेल्या खिडक्या बसवल्या. आत्याने त्याला त्या खोलीत गप्पा मारायला बसवलं. शिफ्ट चालू, मागांचा खडखडाट. ती काहीतरी विचारी, तो ओरडे, "क्या बोला आत्याजी?" ती पुन्हा विचारी, अगदी हळू. तासाभराने तो हात जोडून उठला आणि खिडकीचं माप घ्यायला लागला. तिने नक्की काय विचारलं होतं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही तिला विचारलं तर म्हणाली, "त्याच्या पोरीचं लगीन ठरलं का ते विचारत होते. मना खरंच जानून घ्यायचं होतं."

दादाचा मुलगा मनोज मोठा झाला आणि त्यानेही ठेकेदारी धरली. अंगाने किरकोळ, बोलायला गोड, आत्याच्या मांडीवर वाढलेला. त्या काळी गावात गॅलरीची हौस आली होती. जुन्या घराला रस्त्याच्या बाजूने वर एक गॅलरी जोडायची, तिला चकचकीत स्टीलचा कठडा लावायचा, आणि संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसायचं. खालून कंटेनर जातात, माणसं जातात, बसणाऱ्याला सगळं गाव दिसतं आणि सगळ्या गावाला बसणारा. मनोजने पहिली गॅलरी आपल्याच घराला जोडली, दादासाठी. मग वरच्या आणि खालच्या आळीत कितीतरी घरांना. आत्याच्या घराला जोडली तेव्हा त्याने तिला कामाकडे फिरकूही दिलं नाही. "आत्या, तू फक्त बसायला ये."

त्या दिवशी मी तिथे होते. दुसरा कुणी ठेकेदार असता तर आत्याने त्याला त्याच्या बायकामुलांसकट त्या गॅलरीत जेवायला बसवलं असतं. भाच्याला तिने पाटावर बसवलं, कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला. मान आधी दिला, काम नंतर पाहिलं. खरं तर पाहिलंच नाही. मी म्हटलं, "आत्या, याला नाही का तुझा नियम?" तिला ते आवडलं नाही. "बाय, घरच्या पोराची परीक्षा घेते का कोन?" या गावात घेत नाहीत, हे खरं आहे. परक्याला पारखून घेतात आणि आपल्याला ओवाळून.

पापड वाळत घालायच्या दिवसांत, एका दुपारी, आत्या गॅलरीतून पाणी प्यायला आत आली आणि मागे गॅलरी कोसळली. आवाज एवढा झाला की आमच्या इमारतीतली सगळी माणसं खाली धावली. रस्त्यावर सिमेंटचा ढीग, वाकलेला कठडा आणि पांढरे पापड. कुणालाही लागलं नव्हतं. आत्या वरच्या दारात उभी होती. पुढे काही नाही अशा दारात. ती खाली बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती. नव्या गॅलरीच्या सळ्या जुन्या स्लॅबमध्ये खोलवर जायला हव्या होत्या. त्या भिंतीच्या तोंडाशीच रुतवलेल्या होत्या आणि वरून गिलावा करून सगळं झाकलेलं होतं.

दादा आणि मनोज दोघे आले. आत्याने त्यांनाही जेवायला वाढलं. तिला दुसरी रीत माहीत नव्हती. मनोज ताटाकडे बघून म्हणाला, "आत्या, तू कुंड्या लय ठेवल्यास गो. वजन झालं." आत्याने त्याच्या ताटात कालवण वाढलं. मग दादा म्हणाला, "झालं ते झालं. पोरगा परत बांदून देईल, चांगली मजबूत. घरातली गोष्ट हाय, घरात ऱ्हाव दे."

"माजी नको बांदू," आत्या म्हणाली. "बाकीच्यांच्या पन तशाच हायेत का, तेवडं सांग."

मनोज भाकरीचे तुकडे करत राहिला. ते उत्तर तिघांनाही कळलं.

"मग घरोघर जा, मनोज. तू सांग. माजी पडली, तुमच्यात उभे ऱ्हाऊ नका, मी काडून नीट करून देतो. तू सांगितलंस तर तुजं नाव ऱ्हाईल."

"नाव ऱ्हाईल? धंदा बसंल, आत्या."

"त्या घरांत पोरं खेलतात रं गॅलरीत."

दादा ताटावरून उठला. आत्याने थोडे दिवस वाट पाहिली. मनोजच्या वाटेकडे डोळे लावून ती आमच्या पायऱ्यांवर बसलेली असायची. तो रस्त्याने जायचा आणि मान वळवायचा. मग एका सकाळी तिने चांगलं लुगडं नेसलं, लग्नाचं बोलावणं द्यायला जावं तसं, आणि आपणच निघाली. प्रत्येक घरी जाऊन तेच सांगितलं: "माज्या भाच्यानं बांदली, ती पडली. तुमची पन त्यानंच बांदली हाय. पोरांना जाऊ देऊ नका."

काहींनी तिचे पाय धरले. काहींनी म्हटलं, बाईला दुसरं काम नाही. एकीने तर तोंडावर म्हटलं, "भावाचं बरं बगवत न्हाय तुना." पण लोक मनोजकडे गेले, आणि त्याला प्रत्येक गॅलरी टेकू लावून उतरवून द्यावी लागली. त्याने त्या उतरवल्या, खाली मान घालून, एकेक करून. नंतर ठेकेदारी सोडून तो मानकोलीला एका गोदामात ड्युटीवर लागला.

एकच गॅलरी उरली. दादाच्या घरची.

ती मनोजला काढायची होती. त्याने बापाला हात जोडले होते, हे मला त्याच्या बायकोनेच सांगितलं. दादा म्हणाला, "हिला हात लावलास तर सगल्या गावाला कलंल का माजं पोरगं लबाड हाय. ऱ्हाव दे ती. मी बसून दाखवतो." आणि तो बसू लागला. रोज संध्याकाळी, खुर्ची कठड्यापर्यंत पुढे ओढून, खांद्यावर टॉवेल टाकून. आत्याला त्याने निरोप पाठवला की तुझं माहेर संपलं, माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही.

ती उंबऱ्यावर गेली नाही. रस्त्यावर जाऊन उभी राहिली. रोज संध्याकाळी खालच्या आळीत, गॅलरीच्या खाली, वर मान करून ती म्हणायची, "दादा, आत जा रं." तो समोर बघायचा. कंटेनर जात, तिच्या लुगड्यावर धूळ उडे. ती थोडा वेळ थांबून पुन्हा म्हणायची, "दादा, आत बस की." तिच्या गुडघ्यांचं दुखणं वाढलं तशी मी तिच्याबरोबर जाऊ लागले. मी तिला एकदा समजावलं, "आत्या, तू ज्याच्याखाली उभी राहतेस तीच पडली तर?" ती अर्धं पाऊलही मागे सरकली नाही.

मुलांनो, दादा वाईट माणूस होता असं वाटू देऊ नका. आपल्या मुलाचं काम चांगलं आहे हे सांगायला त्याच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून तो स्वतः त्यावर जाऊन बसला होता.

भाऊबीज आली. आत्याने ताट केलं, निरांजन लावलं, करंज्या ठेवल्या, आणि पदराने ज्योत झाकत ती खालच्या आळीत गेली. मी मागे होते. दादा वर बसलेला. रस्त्यात उभी राहून तिने ताट उंच धरलं आणि वरच्या वर त्याला ओवाळू लागली. येणारे-जाणारे थांबले. एक रिक्षावाला इंजिन बंद करून बघत राहिला. दादाने तोंड फिरवलं. पण उठून आत गेला नाही. आणि तोंड फिरवलेलंच ठेवून त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि डोक्यावर घेतला. बहीण ओवाळत असताना भावाने डोकं उघडं ठेवायचं नसतं. तिचं ओवाळून झाल्यावर त्याने टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला. परत येताना आत्या मला म्हणाली, "बगितलंस ना?" मी म्हटलं, "बघितलं."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, अशाच एका संध्याकाळी, आम्ही दोघी तिथे पोचलो. आत्याने हाक मारली. दादा बोलला नाही, पण तो कधीच बोलत नसे. मग त्याच्या पायातली चप्पल निसटून कठड्याखालून रस्त्यावर पडली, आणि त्याने ती कुठे पडली ते वाकून पाहिलं नाही. आत्याने माझा हात घट्ट धरला. "बाय, दादा बगत न्हाय."

मी वर हाका मारल्या. मनोजची बायको दारापर्यंत आली, सासऱ्यांना हाक मारली आणि किंचाळली. आळीतली माणसं जिना चढून वर धावली. खालून मला गॅलरीचं दार दिसत होतं. ते दार माणसांनी भरलं. बाईला दुसरं काम नाही म्हणणारे त्यात होते, दादाच्या बाजूने भांडलेले होते. हाताच्या अंतरावर दादा खुर्चीत कलंडला होता, आणि त्यांच्यातल्या एकाचाही पाय उंबऱ्याबाहेर पडत नव्हता.

सगळ्यांनाच माहीत होतं. कुणी तसं म्हणालं नाही, पण त्या दारात त्या वेळी गावाने कबूल केलं.

तेवढ्यात मनोज ड्युटीवरून आला. गाडी रस्त्यात टाकून तो वर गेला, दारातली माणसं बाजूला सारली आणि बाहेर पडला. आत्या खालून ओरडली. तिचा तेवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मनोज! भिंतीला धरून! कडंला जाऊ नको, बाला, भिंतीला धरून ये!" त्याने भिंतीला खांदा घासत जाऊन बापाला काखेत हात घालून उचललं आणि मागे मागे येत दारातून आत नेलं. गॅलरी हलली नाही. डॉक्टर आले, म्हणाले, हृदय बंद पडून थोडा वेळ झाला होता.

तेराव्याच्या आत मनोजने ती गॅलरी स्वतः उतरवली. आतल्या सळ्या पाहायला सगळी आळी जमली. आत्या गेली नाही. मला म्हणाली, "मना काय बगायचं हाय त्यात?" पुढे मनोज तिच्याकडे येत-जात राहिला, तिची औषधं आणत राहिला, आणि गेल्या महिन्यात खांदाही त्यानेच दिला. या सगळ्याबद्दल ती दोघं एकमेकांशी काय बोलली, मला माहीत नाही.

पण मला तुम्हाला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. दादाला आतल्या खोलीत खाली निजवलं होतं. आत्या माझ्या आधाराने उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. दारातल्या बायका बाजूला झाल्या. एकीनेही तिच्याकडे सरळ पाहिलं नाही. मनोज आतून म्हणाला, "आत्या, ये गो." तेव्हा ती आत गेली, दादाच्या उशाशी बसली, त्याचं कपाळ पदराने पुसलं. मग त्याच्या तोंडात पाणी घालायला उठली आणि जन्मभराच्या सवयीने मागच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे माठ नव्हता. तिथे ती येईनाशी झाल्यावर आलेला फ्रीज होता. ज्या घरात ती जन्मली, रांगली, जिथून तिची वरात निघाली, त्या घराच्या मधोमध ती रिकामा तांब्या घेऊन उभी राहिली आणि इकडेतिकडे बघू लागली.

"सूनबाय," ती हळूच म्हणाली, "पानी कुटं ठेवता गो आता?"

सुनेने भिंतीवरच्या पाण्याच्या मशीनकडे बोट दाखवलं. आत्याला त्याचा नळ उघडता येईना. मी तो उघडून दिला. तिने तांब्या भरला आणि भावाकडे गेली.